अंगमेहनतीच्या जिल्ह्यात पदवीचा भाव

धाराशिव जिल्ह्यात पैसा मिळतो तो बहुतेक शरीराच्या जोरावर. मृग बरसला की सोयाबीनची पेरणी, मग खुरपणी, दिवाळीच्या आगेमागे काढणी-मळणी आणि त्यानंतर ज्यांच्या हाताला गावात काम उरत नाही त्यांच्यासाठी ऊसतोड. मुकादमाकडून उचल घेऊन बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. या धंद्यात मोजमाप कोयत्याचं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. ज्याचा एक पाय पोलिओने गेला आहे किंवा ज्याला दिसत नाही, त्याचा या मोजमापात पाव कोयताही धरला जात नाही. तो मागे गावात राहतो, म्हाताऱ्या आजीजवळ.

सरकारने काढलेली रोजगाराची सगळ्यात मोठी योजनाही याच पठडीतली. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी ही तिची कामं. पुढे रोजगार हमीच्या राष्ट्रीय कायद्यात दिव्यांगांना झेपेल असं काम द्यावं अशी तरतूद आली. व्यवहारात ती मजुरांना पाणी पाजण्यापुरती किंवा त्यांची लेकरं सांभाळण्यापुरती राहिली. माती उचलायची असेल तर माती उचलू शकणारा माणूस लागणार, त्याला इलाज नाही.

म्हणून या जिल्ह्यात उच्च शिक्षणाचा आर्थिक विचार करताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. धडधाकट पोराने बी.ए. केलं नाही तरी त्याच्यापुढे फड आहे, गवंड्याच्या हाताखालचं काम आहे, पुण्याला कंपनीत हेल्परची नोकरी आहे. दिव्यांग मुलापुढे यातलं जवळजवळ काहीच नाही. पदवीने दोघांचाही पगार सारखाच वाढला असं धरलं, तरी एकजण दहा-बारा हजारांवरून वर चढतो आणि दुसरा शून्यावरून. अर्थशास्त्रात शिक्षणाचा परतावा मोजतात तो या फरकावर. ज्याला शिकवायला खर्च जास्त येतो त्याच्यावर केलेला खर्चच जास्त फळ देतो, असा उलटा वाटणारा निष्कर्ष यातून निघतो.

हा नुसता तर्क नाही. कमल लामिछाने हे नेपाळमधले दृष्टिहीन अर्थतज्ज्ञ. जपानमध्ये शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. त्यांनी यासुयुकी सावादा यांच्याबरोबर काठमांडू खोऱ्यातल्या दृष्टिहीन, कर्णबधिर आणि शारीरिक दिव्यांग लोकांच्या मिळकतीचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशेबात शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे मिळकत १९.३ ते २५.६ टक्क्यांनी वाढत होती. जगभरातल्या सर्वसाधारण लोकांसाठी हाच आकडा सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. म्हणजे दुपटीहून जास्त.

आकडा मोठा आहे, पण तो जसाच्या तसा उचलून धाराशिवला लावणं बरोबर नाही. काठमांडू हे राजधानीचं शहर. तिथे बसून करायच्या नोकऱ्या आहेत, कचेऱ्या आहेत, संस्था आहेत. परंड्यात किंवा वाशीत अशा जागा किती? पदवीचा भाव अशा जागांच्या संख्येवर ठरतो. दिशा मात्र इथेही तीच असणार, किंबहुना अधिक ठळक. कारण काठमांडूत न शिकलेल्या दिव्यांगाला निदान एखादी टपरी टाकता येते, इथे गावाच्या चौकात आधीच चार टपऱ्या असतात.

आता घरातला हिशेब पाहू. त्याची नोंद कुठल्याच सरकारी रकान्यात होत नाही. चालता न येणाऱ्या मुलाला सकाळी उठवणं, शौचाला नेणं, अंघोळ, जेवण, दुपारी पुन्हा एकदा उचलून आत-बाहेर करणं ही सगळी कामं बहुधा आई करते, आणि ती करते म्हणून मजुरीला जाऊ शकत नाही. २०२५-२६ साठी रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी रोज ३१२ रुपये होती. आईचे वर्षात फक्त १०० दिवस बुडाले असं धरा. ३१,२०० रुपये गेले. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना दरमहा १,५०० रुपये मिळत, ते २०२५ मध्ये २,५०० करण्याचा निर्णय झाला. वर्षाचे झाले ३०,०००. म्हणजे वाढवलेलं अनुदानही आईची शंभर दिवसांची मजुरी पुरती भरून काढत नाही. मुलाच्या स्वतःच्या न झालेल्या कमाईचा तर यात विचारच नाही. या सगळ्याला अनुदान पुरेल अशी अपेक्षा कुणाची नसावी, पण सरकारी कागदावर मदत म्हणून एवढीच रक्कम दिसते आणि नुकसान कुठेच दिसत नाही.

मुलगा कॉलेजात जायला लागला, वसतिगृहात राहिला, तर पहिला फायदा होतो तो या आईला. पदवी मिळायला तीन-चार वर्षं लागतात, नोकरीला आणखी काही. आईचे दिवस मात्र पहिल्याच महिन्यात मोकळे होतात. धाकट्या बहिणीचेही होतात, कारण आई शेतात गेली की भावाजवळ तीच थांबलेली असते आणि तिची शाळा बुडते. अमर्त्य सेन यांनी दिव्यांगत्वाच्या दुहेरी माराबद्दल लिहिलं आहे. एक तर कमाई कमी, आणि आहे त्या पैशातून इतरांएवढंच जगणं मिळवायला खर्च जास्त. मराठवाड्यातल्या घरात तिसराही मार असतो, तो घरातल्या बायकांच्या वेळेवर पडतो.

देशाच्या आकड्यांकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात २९.६३ लाख. तेव्हा धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती. तिला राज्याचं प्रमाण लावलं तर चाळीस हजारांच्या पुढे माणसं होतात. ही मोजणी सात-आठ प्रकारच्या दिव्यांगत्वाची होती. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले, त्यामुळे आज मोजलं तर आकडा वाढेल. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी माध्यमिक किंवा त्याहून जास्त शिकलेले होते १९.३ टक्के, आणि काम करणारे किंवा काम शोधणारे मिळून २३.८ टक्के. त्याच सुमारास सर्वसाधारण लोकसंख्येत हे दुसरं प्रमाण निम्म्याच्या घरात होतं. चारातल्या तिघांनी काम मागायचंच सोडून दिलं आहे, आणि काम न मागणारा माणूस बेरोजगारांमध्ये मोजला जात नाही. त्यामुळे त्याच पाहणीत दिव्यांगांमधली बेरोजगारी फक्त ४.२ टक्के दिसते. इतका फसवा आकडा क्वचित पाहायला मिळतो.

कॉलेजांचा आकडा यापुढचा. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२१-२२ साली एकूण ४.३३ कोटी विद्यार्थी होते, त्यांत दिव्यांग ८८,७४८. हजारात दोन. लोकसंख्येत मात्र ते हजारात बावीस आहेत. तरुणांमध्ये दिव्यांगत्वाचं प्रमाण म्हाताऱ्यांपेक्षा कमी असतं हे मान्य करून थोडी सूट दिली तरी तफावत कित्येक पटींची राहते. २०१६ च्या कायद्याच्या ३२ व्या कलमाने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत निदान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत, म्हणजे हजारात पन्नास. जागा पन्नासांच्या, येणारे दोन. याचा अर्थ अडचण प्रवेशाच्या खिडकीवर कमी आणि खिडकीपर्यंतच्या वाटेवर जास्त आहे.

ती वाट सावकाश पाहण्यासारखी आहे.

लोहारा तालुक्यातल्या एखाद्या गावातला मुलगा घ्या, बारावी झालेला, व्हीलचेअरवरचा. पहिली गरज प्रमाणपत्राची. ते नसेल तर जागाही नाही, सवलतही नाही. २०१८ च्या पाहणीत देशातल्या फक्त २८.८ टक्के दिव्यांगांकडे प्रमाणपत्र होतं. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जायचं, मंडळापुढे उभं राहायचं आणि पुष्कळदा पुन्हा यायचं, म्हणजे दर खेपेला सोबतच्या माणसाचा दिवस मोडायचा. २०२४ मध्ये पुण्यात नेमणूक झालेल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला, आणि त्यानंतर पडताळणीचा काच वाढला. खोट्यांना पकडायलाच हवं. पण पडताळणीचा भुर्दंड खऱ्यांनाही भरावा लागतो, आणि गावाकडच्या खऱ्याला तो शहरातल्या खऱ्यापेक्षा जास्त पडतो, हे त्या गदारोळात फारसं कुणी बोललं नाही.

प्रमाणपत्र मिळालं. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मं भाडं. योजना चांगली आहे, आणि हजारो लोक तिच्यावर फिरतात. पण गाव ते फाटा हे अंतर एसटीचं नसतं. तिथे ऑटो करावा लागतो आणि ऑटोवाला सवलत देत नाही. खुर्ची टपावर बांधायची म्हटल्यावर चार पैसे जास्तच मागतो. एसटीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी वर की दोघांनी उचलल्याशिवाय चढता येत नाही. जिल्ह्याचं ठाणं बालाघाटाच्या डोंगररांगेत, उमरगा दक्षिण-पूर्वेला कर्नाटकच्या वेशीवर, परंडा पश्चिमेला सोलापूर जिल्ह्याला लागून. असा ऐसपैस पसरलेला जिल्हा आहे. कॉलेजची फी या मुलांसाठी मोठा प्रश्न नसतो, ती बहुधा माफ होते किंवा शिष्यवृत्तीत येते. पैसा जातो तो या फाट्यापर्यंतच्या ऑटोत.

कॉलेज आलं. दारात चार पायऱ्या. एक पायरी सहा इंचांची धरली तर चढ दोन फुटांचा. उताराचं प्रमाण एकास बारा असावं असं मानक आहे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. दोन फुटांसाठी चोवीस. पण पायऱ्यांच्या पुढे मोकळी जागा असते आठ-दहा फुटांची, आणि पलीकडे दुचाक्या लावलेल्या. मग गवंडी मिळेल त्या जागेत सिमेंटचा उतार बसवून देतो. तो एकास चारचा होतो. त्यावरून खुर्ची स्वतःच्या हाताने चढवता येत नाही, मागून ढकललं तर उलटण्याची भीती, आणि उतरताना देवाचं नाव. पाहणीसाठी समिती येते तेव्हा मात्र फोटोत रॅम्प दिसतो. नॅकच्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही परिसर हा मुद्दा आहे आणि त्याला गुण आहेत; त्यामुळे पुष्कळ महाविद्यालयांमध्ये काही ना काही बांधलं गेलं हेही खरं. मोजपट्टी घेऊन उताराचा कोन कोण पाहतो हा प्रश्न वेगळा.

रॅम्पपेक्षा स्वच्छतागृह जास्त महत्त्वाचं असतं, आणि त्याबद्दल बोलायला सगळेच कचरतात. दार २४ इंचांचं असेल तर खुर्ची आत जात नाही. मग विद्यार्थी सकाळपासून पाणी प्यायचं टाळतो. मुलगी असेल तर ती महिन्यातले चार दिवस येतच नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, त्यात आठवडे जातात, हजेरी कमी भरते आणि परीक्षेचा अर्ज अडतो. इथे शिक्षण तुटतं ते दाराच्या सहा-आठ इंचांमुळे. इमारत नव्याने बांधताना या सगळ्या सोयी धरल्या तर एकूण खर्चात साधारण एक टक्क्याची भर पडते, असं जागतिक पातळीवरचे अंदाज सांगतात. जुनी इमारत फोडून करायचं तर त्याच्या कितीतरी पट. धाराशिवमध्ये अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे, २०१८ पासून जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, नव्या इमारती उभ्या राहत आहेत. एक टक्क्यात काम होण्याची वेळ हीच.

दृष्टिहीन विद्यार्थ्याला रॅम्पशी देणंघेणं नाही. त्याला मजकूर हवा. एनव्हीडीए नावाचं पडदावाचक सॉफ्टवेअर २००६ पासून फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी ते बनवलं आणि ते मराठीही वाचतं. संगणक सोडला तर खर्च शून्य. मग अडतं कुठे? मास्तरांच्या नोट्सवर. त्या जुन्या लिपी-फाँटात टाइप केलेल्या असतात, युनिकोडमध्ये नसतात. डोळ्यांना सुबक मराठी दिसते, यंत्राला मात्र आत कसलीतरी इंग्रजी चिन्हं सापडतात आणि ते तीच घडाघडा बोलत सुटतं. नाहीतर पुस्तकाची पानं मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलेली असतात. फोटोतून यंत्राला आपोआप काही वाचता येत नाही.

इथलं अर्थशास्त्र मजेशीर आहे. एक पुस्तक युनिकोडमध्ये आणायला जो खर्च येतो तो एकदाच. दुसऱ्या विद्यार्थ्याला तेच पुस्तक द्यायचा खर्च जवळजवळ काहीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा बी.ए.चा अभ्यासक्रम छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव अशा चार जिल्ह्यांत चालतो. तेव्हा कळंबच्या एका मुलासाठी केलेलं काम भोकरदनच्या मुलीलाही आयतं मिळतं. कायद्याची अडचण २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने दूर केली आहे. दिव्यांगांसाठी पुस्तकाचं रूप बदलायला आता परवानगी लागत नाही. २०१४ मध्ये याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश ठरला. तरीही हे काम प्रत्येक विद्यार्थी आपापल्या मित्राच्या पाया पडून नव्याने करून घेतो. असं काम विद्यापीठाने एकदा करावं. कॉलेजांनी वेगवेगळं करण्यात पैशाची उधळपट्टी आहे आणि विद्यार्थ्यांनी करण्यात आयुष्याची.

मग परीक्षा. लेखनिक घेता येतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. पण लेखनिक आणायचा कुठून? तो बहुधा खालच्या वर्गातला हवा, त्याचा स्वतःचा पेपर त्या दिवशी नको, त्याचं अक्षर बरं हवं आणि आपल्याला सुचलेलं वाक्य त्याला जसंच्या तसं लिहिता यायला हवं. तालुक्याच्या गावी असा माणूस मिळवणं हेच एक स्वतंत्र काम आहे. कर्णबधिर विद्यार्थ्याची स्थिती आणखी अवघड, कारण भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी मुळातच थोडे आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत. तीन वर्षं तो वर्गात फळ्याकडे पाहत बसतो.

ही सगळी टोकं एकत्र धरून एक साधा गुणाकार करू. प्रमाणपत्र, प्रवास, इमारत, अभ्यास-परीक्षा आणि नोकरी असे पाच टप्पे. प्रत्येक टप्प्यावर शंभरातले सत्तर पार होतात असं समजा. सत्तर म्हणजे काही वाईट नाही. पाच टप्प्यांनंतर शंभरातले सतराच उरतात. आता सरकारने इमारतीवर भरपूर पैसा ओतला आणि तो टप्पा शंभरावर शंभर केला. शेवटी उरतात चोवीस. एवढा खर्च करून सात वाढले. मग कुणीतरी म्हणतो, बघा, रॅम्प बांधले तरी पोरं येत नाहीत. पाचही टप्पे सत्तरचे नव्वद केले असते तर एकोणसाठ उरले असते. एकाच ठिकाणी पूर्ण सोय करण्यापेक्षा सगळीकडे थोडी थोडी सोय करणं कसं परवडतं ते या गुणाकारातून दिसतं. अडचण अशी की पाच टप्पे पाच वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. प्रमाणपत्र आरोग्याचं, बस परिवहनाची, इमारत संस्थेची, परीक्षा विद्यापीठाची, नोकरी सामान्य प्रशासनाची. महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. त्याच्या हाती यातलं थेट काय काय येतं यावर बरंच अवलंबून आहे.

हे सगळे टप्पे एका हाती घेतल्याचं उदाहरण जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या शिक्षणाचा पैसा अमेरिकी सरकारने १९४४ च्या कायद्याने उचलला. फीची सोय होती, पण कॉलेजात शिरता येत नव्हतं. १९४८ मध्ये टिमोथी न्यूजंट यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग इथल्या शाखेत, एका जुन्या लष्करी इस्पितळाच्या इमारतींत, अशा विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. पुढे तो मुख्य परिसरात गेला. तिथे उतार बांधले, फुटपाथच्या कडा उतरवल्या आणि खुर्चीसकट माणसाला आत घेणाऱ्या बसही चालवल्या. फी देऊनही इमारतीपाशी अडलेला पैसा तिथे वसूल व्हायला लागला.

खर्च कोण करतो आणि लाभ कुणाला होतो, हा पुढचा गुंता. प्राचार्यांच्या जागी बसून पाहा. रॅम्प, स्वच्छतागृह, लिफ्ट यांचा खर्च संस्थेच्या खिशातून. येणारे विद्यार्थी दोन-चार. उद्या त्यांना नोकरी लागली तर पगार त्यांच्या घरी, कर केंद्राकडे, वाचलेलं अनुदान राज्याकडे. संस्थेच्या वहीत जमेच्या बाजूला काहीही नाही. प्राचार्य कठोर नसतात, त्यांचा हिशेब चुकीचा नसतो, तो फक्त अपुरा असतो. राज्याचा हिशेब मांडला तर चित्र पालटतं. दरमहा २,५०० म्हणजे चाळीस वर्षांत बारा लाख रुपये एका माणसामागे, भाववाढ न धरता. त्या माणसाच्या पदवीसाठी दोन लाख जादा खर्च केले आणि अशा पाचांपैकी एकजण जरी अनुदानाची गरज नसलेल्या कमाईपर्यंत पोचला, तरी दहा लाख खर्चून बारा लाख वाचले. त्याने भरलेला कर आणि आईची मजुरी तर मी यात धरलेलीच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००९ मधल्या एका अभ्यासाने दहा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दिव्यांगांना कामाबाहेर ठेवल्याचं नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन ते सात टक्के काढलं होतं. अशा अंदाजांत गृहीतकं बरीच असतात. पण खालचा आकडा घेतला तरी तो लहान नाही.

पाचांत एक हे प्रमाण मी मुद्दाम कमी धरलं. कारण शेवटचा टप्पा, नोकरीचा, सगळ्यात बेभरवशाचा. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या अंध मुलींच्या शाळेत, मग मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुढे जेएनयूमध्ये त्या शिकल्या. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळवल्यावर रेल्वेच्या लेखा सेवेने दृष्टी नाही म्हणून त्यांना नाकारलं. पुढच्या वर्षी १२४ वा क्रमांक काढून त्या आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. त्यांच्या जिद्दीचं कौतुक सगळ्यांनी केलं. मला त्यांच्या मार्गावरची शाळा आणि कॉलेज जास्त महत्त्वाची वाटतात. झेवियर्समध्ये दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून चालतं. पुण्यात मीरा बडवे यांची 'निवांत' ही संस्था १९९६ पासून हेच काम वेगळ्या टोकाकडून करते. अठरा वर्षं पुरी झाली की अंधशाळा सोडावी लागते आणि मुलं रस्त्यावर येतात, हे पाहून त्यांनी कॉलेजच्या वयाच्या मुलांसाठी ब्रेल पुस्तकं, शिकवणी आणि चॉकलेट बनवण्यासारखे उद्योग असं सगळं एका छपराखाली आणलं. पुणे-मुंबईत अशी केंद्रं आहेत. म्हणून मराठवाड्यातला हुशार दृष्टिहीन मुलगा पुण्याला जातो, शिकतो, तिथेच राहतो, आणि त्याच्या पगाराने कोथरूडच्या वाण्याचं दुकान चालतं.

धडधाकट मुलांच्या बाबतीतही हेच होतं म्हणा. फरक असा की दिव्यांगाला स्थलांतर महाग पडतं. तळमजल्याची खोली, सोबती, रोजची रिक्षा, या सगळ्यासाठी पुण्यात वेगळे पैसे मोजावे लागतात. गावाजवळ नोकरी असेल तर तो थांबायला तयार असतो, आणि सरकारी नोकऱ्यांत कायद्याने चार टक्के जागा त्याच्यासाठी राखलेल्या आहेत. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, बँकेतला लिपिक. अशी एक नोकरी गावात आली की पगार गावात खर्च होतो. कॉलेज दारापाशी असण्याचा जिल्ह्याला होणारा फायदा असा आहे. तुळजापूरला टाटा समाज विज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे, धाराशिवला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तालुक्यातालुक्यांत महाविद्यालयं आहेत. जागांची वानवा नाही.

आणि या जिल्ह्याला तरी दिव्यांगत्व ही जन्मजात, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट वाटायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेले. जे वाचले त्यांतल्या कित्येकांचे पाय गेले, कणे मोडले. आदल्या संध्याकाळपर्यंत औत हाकणारा माणूस सकाळी अर्धा कोयताही राहिला नाही. अशा माणसाला शिक्षण हवं असतं ते पंचविशी-तिशीत. कायद्याने उच्च शिक्षणात वयाची पाच वर्षं सवलत दिली आहे, आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी बसून शिकायची सोय देतं. पण शेतात, मळणीयंत्रात किंवा रस्त्यावर अपघात झालेल्या माणसाला दवाखान्यातून घरी सोडताना पुढे काय शिकता येईल हे सांगणारं कुणी नसतं. गोळ्यांची चिठ्ठी मिळते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. तो वाटतो तितका दूर नाही. ग्रामपंचायतीने, जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करावा असा शासनाचा नियम आहे. एखाद्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न दहा लाख असेल तर पन्नास हजार झाले. मार्च जवळ आला की पुष्कळ ठिकाणी ते सारखे वाटून खात्यावर टाकतात. गावात चाळीस दिव्यांग असतील तर वर्षाला माणशी साडेबाराशे. नियम पाळला जातो, कुणाचं काही बदलत नाही. अशा दहा गावांनी पैसे एकत्र केले तर पाच लाख होतात. त्यात खुर्ची आत घेणारी एक गाडी भाड्याने ठरवून रोज तालुक्याच्या कॉलेजपर्यंत चालवता येईल, फाट्यापर्यंतच्या ऑटोचा प्रश्न संपेल.

ग्रामसभेत हा विषय काढला तर पहिला आक्षेप एखाद्या म्हाताऱ्याकडून येईल, आणि तो रास्त असेल. साठी उलटलेल्या, दोन्ही गुडघे गेलेल्या माणसाने कॉलेजला कशाला जावं? त्याच्या वाट्याचे साडेबाराशे काढून ते पोरांच्या गाडीत घालायचे, तर त्याला काय मिळालं? गाडी कॉलेजची वेळ सोडून दवाखान्यात आणि बँकेत नेली तर त्याचा आक्षेप अर्धा उतरेल. उरलेल्या अर्ध्यासाठी ग्रामपंचायतीला कुठून तरी वेगळे पैसे काढावे लागतील.